अडलेला शब्द: दोन संस्कृतींतले अभ्यासक बोलतात तेव्हा नेमकं काय होतं?

त्रिकोणमितीतला ‘साइन’ आपण सगळ्यांनीच कधी ना कधी घोकलेला असतो. तो शब्द आला कुठून, हे मात्र वर्गात सहसा कोणी सांगत नाही. वर्तुळाच्या कंसाची दोन टोकं जोडणाऱ्या रेषेला संस्कृत गणितात ‘ज्या’ किंवा ‘जीवा’ म्हणत. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. कंस हे धनुष्य आणि रेषा ही त्याची दोरी, इतकं साधं चित्र. आर्यभटाने ४९९ साली दिलेले आकडे याच दोरीच्या अर्ध्या भागाचे आहेत. पुढे हे गणित अरबीत गेलं, तेव्हा तिथल्या पंडितांनी शब्दाचं भाषांतर केलं नाही. तो तसाच उचलला आणि ‘जीबा’ असा घेतला. अरबीत त्याला काही अर्थ नव्हता. त्यात अरबी लिपीत बरेचसे स्वर लिहीतच नाहीत. त्यामुळे नंतरच्या वाचकांनी ती अक्षरं आपल्या ओळखीच्या शब्दासारखी वाचली: ‘जैब’. जैब म्हणजे अंगरख्याची छातीवरची घडी. उर्दूतला ‘जेब’ तो हाच. बाराव्या शतकात हे ग्रंथ लॅटिनमध्ये नेणाऱ्याने आपलं काम चोख केलं आणि जैबला प्रतिशब्द दिला ‘सायनस’, म्हणजे घडी, खोळ. धनुष्याच्या दोरीचा असा खिसा झाला, आणि आज जगभरची मुलं तोच खिसा घोकतात.

यात गणिताचं काहीच बिघडलं नाही. शब्द भरकटला, पण आकृती जागची हलली नव्हती. कोष्टक तपासलं की उत्तर बरोबर येतं. मग दोरी म्हणा नाही तर खिसा म्हणा.

साहित्य, इतिहास आणि चालू घडामोडी यांच्याबाबतीत ही चैन नाही. तिथे सावरून घ्यायला आकृती नसते, शब्द हाच सगळा माल असतो. ‘शोकांतिका’, ‘सार्वभौमत्व’, ‘सेक्युलर’ असा एखादा शब्द एका भाषेतून दुसरीत जाताना थोडा जरी सरकला तर मागचा अख्खा विचार सरकतो. वेगवेगळ्या संस्कृतींतले अभ्यासक एकत्र बसून या विषयांवर बोलतात तेव्हा त्यांच्यात काय चालतं, हे समजून घ्यायचं असेल तर अशा अडलेल्या शब्दांपाशीच थांबावं लागतं. परिसंवादांच्या बातम्यांत ‘विचारांची देवाणघेवाण झाली’ असं छापून येतं. माझं मत थोडं वेगळं आहे. देवाणघेवाण सुरळीत झाली असेल तर बहुधा कोणी कोणाचं नीट ऐकलेलं नसतं.

चावलेला भात

बौद्ध ग्रंथ चीनमध्ये पोचू लागले तेव्हा पहिला प्रश्न हाच होता की हे सांगायचं कोणत्या शब्दांत? सुरुवातीच्या मंडळींनी सोपा मार्ग धरला. चिनी लोकांच्या तोंडी आधीपासून असलेले ताओ विचारातले शब्द त्यांनी वापरले. ‘शून्यता’ला ‘वू’, म्हणजे नसणं. ‘निर्वाण’ला ‘वू-वेइ’, म्हणजे मुद्दाम काही न करता राहणं. वाचणाऱ्याला लगेच कळलं. जरा जास्तच लगेच कळलं. हे तर आपलंच जुनं तत्त्वज्ञान आहे, असं त्याला वाटलं आणि नवीन काही ऐकलंय याचा पत्ताच लागला नाही.

इसवी सन ४०१ च्या अखेरीला कुमारजीव चीनमधल्या चांगआन शहरात पोचला. मध्य आशियातल्या कुचा राज्यात वाढलेला हा विद्वान. त्याच्या अनुवादाची पद्धत आज वाचली तरी हेवा वाटतो. भिक्षूंची मोठी सभा भरायची. कुमारजीव हातात मूळ पोथी घेऊन चिनीत अर्थ सांगायचा, समोरचे हरकती घ्यायचे, जुना अनुवाद काढून ताडून बघायचे, आणि वाद मिटला की लेखनिक वाक्य उतरवून घ्यायचा. अनुवाद म्हणजे तिथे खोलीत एकट्याने करायचं काम नव्हतंच, ती जाहीर चर्चा होती. एवढं करूनही तो समाधानी नव्हता. संस्कृतचं चिनी करणं म्हणजे भात चावून दुसऱ्याला भरवणं, चव तर जातेच, वर ओकारी येते, असे त्याचे उद्गार त्याच्या चरित्रात नोंदलेले आहेत.

ह्युएन त्संग त्याच्यानंतर सव्वादोनशे-अडीचशे वर्षांनी आला. भारतातून ६५७ ग्रंथ घेऊन तो ६४५ साली परतला आणि उरलेलं आयुष्य अनुवादात घालवलं. कोणत्या पाच प्रकारच्या शब्दांचं भाषांतर करूच नये, याचा एक नियम त्याच्या नावावर आहे. मंत्रासारखे गूढ शब्द, अनेक अर्थांचे शब्द, चीनमध्ये नसलेल्या वस्तू (जांभळाचं झाड हे त्याचं उदाहरण), आधीच रुळलेले शब्द, आणि पाचवा प्रकार मला फार आवडतो: ज्यांचं भाषांतर केल्यावर वजन जातं असे शब्द. ‘प्रज्ञा’ला चिनीत ‘शहाणपण’ म्हणता आलं असतं. पण शहाणपण काय, कोणाकडेही असतं. म्हणून प्रज्ञेचा उच्चार तसाच ठेवायचा, ऐकणारा जरा बिचकला तरी चालेल.

हे दोन मार्ग आजही तसेच आहेत. ओळखीचा शब्द दिला तर दार उघडतं, पण माणूस भलत्याच खोलीत शिरतो. परका शब्द ठेवला तर खोली बरोबर असते, पण दार बंद. आपल्याच भाषेतला ‘धर्म’ घ्या. इंग्रजीत त्याला ‘रिलिजन’ म्हणून मोकळं होता येतं. पण मग शेजारधर्माचं काय करायचं? दानधर्म, राजधर्म, पाण्याचा धर्म वाहणं, या सगळ्यांत ‘रिलिजन’ घालून बघा. परदेशी अभ्यासकाला ‘धर्म’ समजावताना जो ‘रिलिजन’वर थांबला त्याने फक्त वेळ वाचवला.

नाटक न पाहिलेल्यांनी नाटकावर लिहिलं

साहित्याच्या चर्चेत हा घोळ सगळ्यात रसाळ होतो, म्हणून इथे जरा रेंगाळू.

ॲरिस्टॉटलचा काव्यशास्त्रावरचा ग्रंथ दहाव्या शतकात बगदादमध्ये अबू बिश्र मत्ता या विद्वानाने अरबीत आणला, तोही ग्रीकमधून थेट नाही, सिरियाक भाषेतल्या अनुवादावरून. त्या ग्रंथाचा कणा म्हणजे ट्रॅजेडी. अरबी साहित्यात तेव्हा कवितेची परंपरा अफाट होती, पण ग्रीकांसारखी रंगभूमी नव्हती. मग ट्रॅजेडीला म्हणायचं काय? मत्ताने जवळचं सापडलं ते घेतलं. ट्रॅजेडी म्हणजे ‘मदीह’, स्तुतिकाव्य. कॉमेडी म्हणजे ‘हिजा’, निंदाकाव्य. ॲरिस्टॉटलने म्हटलंच आहे की ट्रॅजेडीत थोर माणसं दाखवतात आणि कॉमेडीत हलकी, तेव्हा तर्क अगदीच बिनबुडाचा नव्हता.

बाराव्या शतकात स्पेनमधल्या कोर्दोबाच्या इब्न रुश्दने या अरबी मजकुरावर भाष्य लिहिलं. ॲरिस्टॉटलवर त्याच्याएवढा अधिकार असलेला माणूस त्या काळात शोधून सापडला नसता. रंगमंचावरच्या नटांबद्दलची वाक्यं वाचत त्याने अरबी कवितेतली उदाहरणं देत देत एक वेगळंच काव्यशास्त्र उभं केलं. १२५६ साली तोलेदोमध्ये या भाष्याचा लॅटिन अनुवाद झाला. पुढे १२७८ मध्ये ॲरिस्टॉटलच्या मूळ ग्रीक ग्रंथाचाही थेट लॅटिन अनुवाद आला. मध्ययुगीन युरोपने कोणता वाचला? मुख्यतः इब्न रुश्दवाला. कारण तो त्यांना कळत होता. प्राचीन नाटकाचा जिवंत अनुभव त्या युरोपकडेही राहिला नव्हता; कविता म्हणजे स्तुती आणि निंदा ही मांडणी त्यांच्या डोक्यात चपखल बसली. ग्रीकांचा विचार युरोपला परत मिळाला तो बगदाद-कोर्दोबाच्या वाटेने, स्तुतिकाव्याचा वेष चढवून.

ही चूक म्हणावी का? मूळ अर्थाच्या हिशेबात चूक खरीच. पण इब्न रुश्दचं पुस्तक मुळात वाया गेलेलं नाही. नाटक नसलेल्या संस्कृतीत नाटकाचं शास्त्र लावायला गेलं की काय हाती लागतं, हे त्यात दिसतं, आणि अरबी कवितेबद्दल त्यात बरंच मोलाचं आहे. प्रश्न विचारायला समोर कोणी ग्रीक नव्हता, ही त्याची अडचण. संवाद एकतर्फी होता. मेलेल्या माणसाला ‘म्हणजे नक्की काय?’ असं विचारता येत नाही.

जिवंत माणसांना विचारता येतं, आणि मग कशी तारांबळ उडते याचा एक सुंदर नमुना अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ लॉरा बोहॅनन यांनी १९६६ साली प्रसिद्ध केला. त्या नायजेरियात टिव्ह लोकांमध्ये राहून अभ्यास करत होत्या. पावसाळ्यात सगळे घरात अडकले असताना वडीलधाऱ्यांनी त्यांना गोष्ट सांगायला सांगितलं. बाईंना वाटत होतं की माणसाचा स्वभाव इथूनतिथून सारखाच, थोर शोकांतिकेचा गाभा कुठेही कळेल. त्यांनी शेक्सपिअरचं ‘हॅम्लेट’ सांगायला घेतलं.

पहिल्याच वळणावर गाडी अडली. राजा मेला आणि त्याच्या भावाने महिन्याच्या आत राणीशी लग्न केलं, असं बाईंनी सांगितलं. वडीलधारे खूश. बरोबरच केलं त्याने, विधवेचं आणि पोरांचं दुसरं कोण बघणार? ज्या लग्नाने राजपुत्र हॅम्लेट उन्मळून पडतो ते लग्न इथे कर्तव्य ठरलं. मग मेलेल्या राजाचं भूत आलं. टिव्हंच्या मते मेलेला माणूस असा चालत येऊन बोलत नाही, तेव्हा तो एखाद्या चेटक्याने पाठवलेला अपशकुन असणार. पडद्याआड लपलेल्या पोलोनियस या दरबाऱ्याला हॅम्लेट ‘उंदीर, उंदीर’ म्हणत मारतो, तिथे तर त्यांनी कपाळाला हात लावला: मूर्ख माणूस, ‘मी आहे’ असं ओरडला का नाही? शिकारीत धनुष्य ताणणाऱ्याने ‘सावज’ म्हणून हाळी दिली की माणसाने ओ द्यायची असते, हे पोरालाही ठाऊक. शेवटी एका वृद्धाने बाईंची समजूत घातली की गोष्ट चांगली आहे, तुम्ही सांगता तेव्हा फारशा चुका होत नाहीत, अशा आणखी सांगा, आम्ही तुम्हाला त्यांचा खरा अर्थ शिकवू.

हा किस्सा बरेच जण हसण्यासाठी सांगतात, आणि हसण्यासारखा आहेच. पण टिव्ह वडीलधारे जे करत होते ते दुसरं काय होतं? टीकाच. पात्रांच्या वागण्याची कारणं शोधणं, विसंगती दाखवणं, आपल्या जगाच्या नियमांनी कथा तपासणं. विद्यापीठातला समीक्षक हेच करतो, फक्त त्याला आपले नियम नियम वाटत नाहीत, ‘मनुष्यस्वभाव’ वाटतात. बोहॅननबाईंच्या हाती ‘हॅम्लेट’बद्दल जे आलं ते कुठल्याही ग्रंथालयात मिळालं नसतं: नवऱ्याच्या भावाशी लग्न करणं वाईट, हे नाटक कुठेच सिद्ध करत नाही. ते प्रेक्षकाने घरून आणायचं असतं.

एक करार, दोन मजकूर

इतिहासात शब्द अडला की कोणाची तरी जमीन जाते.

६ फेब्रुवारी १८४० रोजी न्यूझीलंडमध्ये वाइतांगी इथे ब्रिटिश राजसत्ता आणि तिथल्या मूळ रहिवाशांचे, म्हणजे माओरींचे, प्रमुख यांच्यात करार झाला. मसुदा इंग्रजीत होता. त्याचा माओरी अनुवाद मिशनरी हेन्री विल्यम्स आणि त्यांचा मुलगा एडवर्ड यांनी ४ तारखेच्या रात्रीतून केला. इंग्रजी मजकुराच्या पहिल्या कलमात माओरी प्रमुख ‘सार्वभौमत्व’ राणीला देतात. माओरी मजकुरात तिथे शब्द आहे ‘कावनातांगा’. ‘गव्हर्नर’चं माओरी रूप ‘कावना’, त्याला प्रत्यय लावून केलेला हा शब्द, म्हणजे गव्हर्नरपण, कारभार. दुसऱ्या कलमात माओरींकडे काय राहतं? इंग्रजीत जमिनी, जंगलं, मासेमारी यांचा निर्वेध ताबा. माओरीत ‘तिनो रांगातिरातांगा’, म्हणजे प्रमुखाचं पूर्ण प्रमुखपण.

माओरी मजकूर वाचणाऱ्याच्या नजरेने बघा. कारभार पाहायला एक गव्हर्नर येतोय, आणि आपलं प्रमुखपण शाबूत राहतंय. मग सही करायला काय हरकत? सुमारे ५४० प्रमुखांनी सह्या केल्या, त्यातल्या जेमतेम ३९ जणांनी इंग्रजी प्रतीवर. बाकी सगळ्यांनी माओरी मजकुरावर. सरकार मात्र पुढे इंग्रजी मजकुराप्रमाणे वागलं.

१९७५ साली वाइतांगी न्यायाधिकरण स्थापन झालं. या करारात दोन मजकूर आहेत आणि दोन्ही विचारात घ्यायचे, हे त्याला कायद्याने नेमून दिलेलं काम. भाषातज्ज्ञ, इतिहासकार, वकील, आणि तोंडी परंपरा सांगणारे माओरी ज्येष्ठ एकाच सुनावणीत बसले. एकाचा पुरावा दफ्तरखान्यातला कागद, दुसऱ्याचा पुरावा पिढ्यान्‌पिढ्या म्हटली जाणारी वंशावळ. कोणाचा पुरावा जास्त ‘पुरावा’, हाच मुळात वादाचा विषय. २०१४ मध्ये न्यायाधिकरणाने निष्कर्ष दिला की फेब्रुवारी १८४० मध्ये सही करणाऱ्या प्रमुखांनी सार्वभौमत्व सोडलं नव्हतं. एका शब्दाचा उलगडा व्हायला १७४ वर्षं लागली. वाद अजून मिटलेला नाही, तो वेगळा.

इतिहासकारांमधला संवाद म्हणजे काय, हे मला या उदाहरणातून जास्त कळतं. ‘तुमची बाजू, आमची बाजू’ एवढ्यावर तो संपत नाही. १४५३ साली ऑटोमन तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल, घेतलं. याला एक पुस्तक ‘पतन’ म्हणतं आणि तुर्की पुस्तक ‘फेतिह’, म्हणजे विजय. शहर तेच, दिवसही तोच. दोघांनी आपापला शब्द धरून ठेवला तर गप्पा पाच मिनिटांत संपतात. ‘पतन म्हणायचं तर कोणासाठी?’ असं कोणी विचारलं तर संध्याकाळ पुरत नाही.

हे काम चिकाटीने करणाऱ्यांत पाठ्यपुस्तकवाल्यांचं नाव घ्यायला हवं. जर्मनीत ब्राउनश्वाइग इथे गेऑर्ग एकर्ट यांनी १९५१ मध्ये शालेय पाठ्यपुस्तकांचा अभ्यास करणारी संस्था काढली. महायुद्ध संपून सहाच वर्षं झाली होती. १९७२ पासून जर्मन आणि पोलिश इतिहासकारांचा संयुक्त आयोग बसू लागला. युद्धानंतर पोलंडच्या नव्या सीमेतून जर्मनांना जावं लागलं, त्याला ‘हकालपट्टी’ म्हणायचं की नाही, यावर तिथे जीव खाऊन वाद झाले. जर्मनांना तो शब्द हवा होता. सहा वर्षं नाझी सत्तेखाली भरडलेल्या पोलिश बाजूला तो ऐकवत नव्हता, कारण तो उच्चारला की गुन्हेगार आणि बळी यांच्या जागा बदलल्यासारख्या वाटत. फ्रान्स आणि जर्मनीने २००६ मध्ये दोन्ही देशांत चालणारं एकच इतिहासाचं पुस्तक आणलं. त्यात प्रकरणांच्या शेवटी दोन्हीकडच्या दृष्टिकोनांत फरक कुठे पडतो तेही छापलं आहे. मुलांना एकमत शिकवण्यापेक्षा मतभेद नेमका कुठे आहे ते शिकवणं जास्त कठीण, आणि माझ्या मते जास्त प्रामाणिक.

टेबलाभोवती तिघं

चालू घडामोडींवरची चर्चा तुलनेने उथळ होते, हे मान्य करायला हवं. वेळ कमी असतो आणि बोलणाऱ्यावर ओझं जास्त. कादंबरीवर बोलताना तुम्ही अभ्यासक असता. तुमच्या देशातल्या कालच्या दंगलीवर बोलताना समोरच्याला तुम्ही अचानक वकील वाटू लागता. माणूस मग एक तर बचाव करतो नाही तर माफी मागतो, आणि विश्लेषण राहून जातं.

एक प्रसंग कल्पनेतला, पण त्यातले तपशील खरे. फ्रेंच, तुर्की आणि भारतीय असे तीन अभ्यासक टेबलाभोवती बसलेत. विषय, राज्यसंस्था आणि धर्म. अर्धा तास तिघंही ‘सेक्युलर राज्य’ म्हणत एकमेकांना दुजोरा देताहेत. मग भारतीय प्राध्यापक बाई सहज विचारतात, “तुमच्याकडे शाळेतल्या मुलीने डोक्याला रुमाल बांधला तर?”

“सरकारी शाळेत नाही चालत,” फ्रेंच गृहस्थ म्हणतात. “२००४ चा कायदा आहे. आणि १९०५ पासून सरकार कुठल्याच धर्माला पैसे देत नाही.”

“आमच्या इमामांचा पगार सरकारच देतं,” तुर्की प्राध्यापक सांगतात. “१९२४ पासून त्यासाठी वेगळं खातं आहे.”

“मग तुम्ही सेक्युलर कसे?”

“धर्म सरकारच्या मुठीत आहे म्हणूनच. आणि काय हो, तुमच्या अल्सास प्रांतातल्या पाद्र्यांचा पगार कोण देतं?”

फ्रेंच गृहस्थ हसतात. देतं सरकारच. १९०५ चा कायदा झाला तेव्हा अल्सास जर्मनीकडे होतं, परत आल्यावर तिथे जुनीच व्यवस्था चालू राहिली. बाई म्हणतात, “आमच्या राज्यघटनेच्या उद्देशिकेत हा शब्द १९७६ साली आला. पण आम्ही त्याचा अर्थ लावतो तो सगळ्यांना सारखं वागवणं असा. दूर राहणं असा नाही.”

चर्चा इथे सुरू झाली. त्याआधीचा अर्धा तास तिघंही एकच शब्द उच्चारत तीन वेगवेगळ्या गोष्टींवर बोलत होते, आणि कोणालाच शंका आली नव्हती. ती आली शब्दाच्या व्याख्येने नव्हे, मुलीच्या रुमालाने. जुन्याजाणत्या सूत्रसंचालकांची ही युक्तीच असते: अमूर्त शब्दावर सगळे माना डोलवू लागले की एक ठोस प्रसंग टेबलावर टाकायचा.

कधी कधी अडचण शब्दाची नसतेच, भीतीची असते. बाहेर जे बोललं ते घरी पोचलं तर नोकरी जाईल, किंवा त्याहून वाईट. यावर तोडगा म्हणून लंडनच्या चॅटहॅम हाउस या आंतरराष्ट्रीय घडामोडींचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने १९२७ मध्ये एक नियम केला: ऐकलेलं वापरा, पण कोण बोललं ते सांगू नका. १९५७ साली कॅनडातल्या पगवॉश गावात शीतयुद्धाच्या दोन्ही बाजूंचे मिळून २२ शास्त्रज्ञ बसले, तेही बंद दाराआड. बंद दाराच्या चर्चेवर टीका होते आणि ती रास्तही आहे, पण काही गोष्टी उजेडात उच्चारताच येत नाहीत.

कोणाच्या भाषेत, कोणाच्या घरी

आता यंत्रणेबद्दल थोडं. न्यूरेंबर्गच्या खटल्यात १९४५ साली इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि जर्मन अशा चार भाषांत एकाच वेळी दुभाषेपण चाललं. बोलणाऱ्यासमोर दोन दिवे असत. पिवळा लागला की सावकाश बोला, लाल लागला की थांबा. आजच्या बहुतेक सभागृहांत असे दिवे नसतात, पण दुभाष्याच्या काचेच्या खोलीकडे नजर टाकली की पिवळा दिवा कधी लागायला हवा होता ते कळतं. विनोद झाला की हशा दोनदा येतो, आधी भाषा येणाऱ्यांचा, मग हेडफोनवाल्यांचा. विनोद अनुवाद करण्यासारखा नसेल तर काही दुभाषे हळूच सांगून टाकतात की वक्त्याने विनोद केला आहे, कृपया हसा.

गप्प राहण्याबद्दलही गैरसमज फार. अमुक लोक लगेच उत्तर देतात, तमुक लोक विचार करून, असं आपण सर्रास म्हणतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दहा भाषांतल्या रोजच्या बोलण्यातले हो-नाहीचे प्रश्न मोजले. प्रश्न आणि उत्तर यांत सरासरी अंतर सेकंदाच्या पाचव्या भागाएवढं निघालं. सगळ्यात झटपट जपानी, सगळ्यात सावकाश डॅनिश, आणि दोघांत अर्ध्या सेकंदाचाही फरक नाही. पण एवढासा फरकही समोरच्याला ‘हा माणूस टाळतोय’ असं वाटायला पुरतो.

खरी विषमता मात्र सेकंदांत मोजता येत नाही. चर्चा कोणाच्या भाषेत होते? परक्या भाषेत बोलणारा माणूस स्वतःपेक्षा थोडा कमी हुशार वाटतो, हा अनुभव ज्यांनी घेतलाय त्यांना वेगळं सांगायला नको. आणि कोणी कोणाला वाचलेलं असतं? इतिहासकार दीपेश चक्रवर्ती यांनी यावर बोट ठेवलं आहे: भारतातल्या किंवा आफ्रिकेतल्या इतिहासकाराला युरोपचा इतिहास माहीत नसेल तर तो अडाणी ठरतो, उलट बाजूने मात्र अज्ञान खपून जातं. टेबल गोल असलं म्हणजे बसणारे सारख्या उंचीवर असतात असं नाही.

या बाबतीत अल्‌ बीरुनी आठवतो. १०१७ मध्ये गझनीच्या महमूदने मध्य आशियातलं ख्वारिझम जिंकलं आणि या विद्वानाला सोबत नेलं. महमूदच्या भारतावरच्या स्वाऱ्यांमागोमाग तो इथे पोचला, संस्कृत शिकला, पंडितांशी ज्योतिषावर बोलला, योगसूत्रांसारखे ग्रंथ अरबीत नेले आणि १०३० च्या सुमारास भारतावरचा मोठा ग्रंथ लिहिला. सुरुवातीलाच त्याने संवादातल्या अडचणी सांगितल्यात: एका वस्तूला अनेक नावं असलेली अवाढव्य भाषा, पोथ्यांच्या नकला करणारे निष्काळजी लेखनिक, इथल्या लोकांचा अभिमान. अभिमानाबद्दलची त्याची तक्रार बरेच जण उद्धृत करतात. त्याच प्रकरणात तो आणखी एक गोष्ट लिहितो, ती सहसा कोणी सांगत नाही. महमूदने या देशाची भरभराट धुळीला मिळवली, माणसं धुळीच्या कणांसारखी चहूकडे उधळली गेली, आणि म्हणून इथली शास्त्रं काश्मीर, वाराणसी अशा आमचा हात न पोचणाऱ्या ठिकाणी निघून गेली. पंडित आपल्याशी मोकळं का बोलत नाहीत, याचं उत्तर शोधताना तो आपल्याच धन्याकडे बोट दाखवतो. ज्याच्या पदरी राहून लिहायचं त्याच्याबद्दल हे लिहायला काय लागत असेल?

जिहे

सर्वांत सावकाश चाललेल्या संभाषणाबद्दल सांगून थांबतो. इटालियन जेझुइट धर्मप्रसारक मात्तेओ रिच्ची आणि चिनी विद्वान शू ग्वांगची बीजिंगमध्ये रोज एकत्र बसत. ग्रीक गणिती युक्लिडचा भूमितीवरचा ग्रंथ रिच्ची लॅटिनवरून चिनीत तोंडी सांगायचा, शू तो उतरवायचा, वाक्य जमेना की पुन्हा सांग, पुन्हा लिही. बिंदू, रेषा, समांतर रेषा यांना शब्द ठरवावे लागले. पुस्तकाच्या नावासाठी त्यांनी ‘जिहे’ हा शब्द घेतला. रोजच्या चिनीत त्याचा अर्थ ‘किती?’ आजही चिनी मुलं भूमितीला जिहेच म्हणतात.

१६०७ साली पहिले सहा भाग छापून झाले. शूला पुढचेही करायचे होते, रिच्ची म्हणाला, इतक्यात नको. १६१० मध्ये रिच्ची वारला. पुढच्या वर्षी शूने छापलेली प्रत पुन्हा तपासली आणि तिच्या टिपणात लिहून ठेवलं की हे काम पुरं व्हायचं कोणत्या दिवशी, कोणाच्या हातून, ठाऊक नाही; वाट पाहत हे लिहून ठेवतो.

१८५७ साली उरलेले भाग चिनीत छापून झाले. ते शांघायमध्ये चिनी गणिती ली शानलान आणि ब्रिटिश मिशनरी अलेक्झांडर वायली या दोघांनी केले. वायली तोंडी सांगायचा, ली लिहून घ्यायचा.